ओठ लोंबला, पण कान ताठ होता

आर्वी तालुक्यातल्या दवाखान्यात माझं दुसरं वर्ष होतं. जानेवारी, तुरी काढणीचे दिवस. पहाटे साडेपाचला फोन वाजला : "मॅडम, गाय उठून नाही राहिली."

तिसऱ्या वेताची संकरित गाय, आदल्या संध्याकाळीच व्यालेली. कोठ्यात पोचले तर डाव्या कुशीवर पसरलेली, अंग सैल, कान गार. नावात ताप असला तरी दुधी तापात, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटतं तेव्हा, जनावर असंच गार पडतं. कॅल्शियम शिरेतून अगदी हळू सोडलं, कानाला स्टेथोस्कोप लावून. इथे घाई केली तर हृदय बंद पडतं. बाटली संपत आली तशी तिला थरथर सुटली, ढेकर आली, शेण पडलं. अर्ध्या तासात उभी.

काकूंनी हात जोडले. तेवढ्यात त्यांचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तोंडाले लकवा मारला जी हिच्या!"

खालचा ओठ डावीकडे लोंबत होता, लाळेची तार लागली होती, तोंडात दिलेला घास त्याच बाजूने गळत होता. लाळ गाळणारं जनावर म्हटल्यावर मी हातमोजे चढवले आणि आधी पिसाळलेल्या कुत्र्याचं विचारलं. तसं काही घडलं नव्हतं.

"कॅल्शियम कमी पडलं असन. अजून एक बाटली लावा."

पण कॅल्शियमची कमतरता एकच गाल निवडून धरत नाही. मी पापणीच्या कोपऱ्याला बोट लावलं. डावा डोळाही लगेच मिटला. टाळी वाजवली; डावा कानही वळला. चेहऱ्याची नस कानाच्या बुडाशी बाहेर येते. कानाच्या आणि पापणीच्या फांद्या तिथेच वर फुटतात, ओठाच्या फांद्या मात्र गालावरून, कातडीच्या लगेच खालून पुढे जातात. इजा वर असती तर कान पडला असता. म्हणजे गालच. तोंडावर बांधलेली म्होरकी सोडली, तर केसांत लोखंडी कडीचा गोल वळ! डोक्याचा सगळा भार रात्रभर त्या कडीवर होता. कॅल्शियम घटल्यानं गाय पडली, पडल्यामुळे नस दबली. घरच्यांचा अंदाज निम्मा बरोबर होता.

"पण आम्ही तं दोन महिन्यांपासून रोज कॅल्शियम पाजून राहिलो," काकू म्हणाल्या.

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. गाभणपणी आयतं कॅल्शियम भरपूर मिळालं की हाडांतून ते काढण्याची शरीराची सवय सुस्तावते. मग व्याल्याबरोबर चिकात एकदम ओढ लागते आणि रक्तातलं कॅल्शियम कोसळतं. ते पाजायचं व्यायच्या वेळी आणि त्यानंतर. पैसे खर्चून, मायेनं केलेलं उलटं पडलं होतं.

सूज उतरायचं इंजेक्शन दिलं, मऊ हिरवा चारा सांगितला, गालात साचलेला घास रोज बोटानं काढायला शिकवलं. नस तुटलेली नसेल तर सावरते, पण तिच्या वेळेनं.

तिसऱ्या आठवड्यात गेले तेव्हा ती कुटार खात होती, डाव्या ओठातून काडी पडत नव्हती. गळ्यात सुती दावं होतं. शेजारच्या दोन गायींच्या म्होरक्याही काकूंनी काढून टाकल्या होत्या.