रात्रीचा पियानो ऐकायचा असेल तर आधी स्वारीवरून उतरा

आज फायनल फँटसी १४ या ऑनलाइन व्हिडिओ गेममध्ये फक्त कानांनी फिरलं की एक गोष्ट चटकन कळते: वातावरणाचं निम्मं काम मासायोशी सोकेन यांचं संगीत करतं. २०१५ च्या हेवन्सवर्ड या विस्तारातले (एक्स्पान्शनमधले) प्रदेश घ्या. दिवसा भरगच्च वाद्यवृंद, रात्री तीच जागा हळुवार पियानोवर. गेममधली अख्खी दिवस-रात्र आपल्या ७० मिनिटांत उरकते, त्यामुळे एका बैठकीत दोन्ही ऐकून होतात.

पण बऱ्याच जणांना रात्रीचं संगीत ऐकूच येत नाही. कारण साधं आहे. चोकोबोवर, म्हणजे गेममधल्या स्वारीच्या मोठ्या पक्ष्यावर, बसलं की त्याचीच धून सुरू होते आणि प्रदेशाचं संगीत दबतं. साउंड सेटिंग्जमध्ये स्वारीच्या संगीताची खूण काढून टाका. बीजीएमचा (पार्श्वसंगीताचा) स्लायडर थोडा खाली घ्या, अॅम्बियंटचा (आसपासच्या आवाजांचा) वर. मग वाराही ऐकू येतो.

टायटन या महाकाय शत्रूशी होणाऱ्या लढाईत मात्र बीजीएम बंद करू नका (पॉडकास्ट लावणाऱ्यांनो, तुम्हीसुद्धा!). तिथे टप्पा बदलला की संगीताची चालही बदलते, आणि टायटनचं हृदय फोडल्यावर जो रॉक सुरू होतो त्याशिवाय ती लढाई अगदीच अळणी.