गेडिंग्टनचा एलेनॉर क्रॉस

लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्टेशनसमोरचा उंच, कोरीव क्रॉस बऱ्याच जणांना मध्ययुगीन वाटतो. तो 1865 चा आहे. मूळचा क्रॉस 1647 मध्येच पाडला गेला. त्याचं धाकटं भावंड अजून शाबूत आहे, नॉर्थहॅम्प्टनशायरमधल्या गेडिंग्टन या खेड्यात. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून ट्रेनने तासाभरात केटरिंगला उतरले आणि तिथून बसने गावात पोहोचले.

गोष्ट राजा पहिला एडवर्ड आणि त्याची राणी, स्पेनमधल्या कॅस्टील राज्याची एलेनॉर, यांची. 1254 मध्ये लग्न झालं तेव्हा दोघंही कोवळ्या वयाची होती. पुढे धर्मयुद्धाच्या मोहिमेवरही ती त्याच्यासोबत गेली. 28 नोव्हेंबर 1290 रोजी लिंकन शहराजवळच्या हार्बी गावी ती वारली. लिंकनहून तिचं पार्थिव वेस्टमिन्स्टरला नेताना वाटेत जिथे जिथे रात्रीचा मुक्काम पडला, तिथे तिथे एडवर्डने नंतर क्रॉस उभारले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घटकाभर थांबून राणीच्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी, हा हेतू. एकूण 12 क्रॉस होते, त्यातले 3 उरले आहेत. गेडिंग्टनचा सगळ्यात धडधाकट.

गावातले रस्ते जिथे मिळतात तिथेच तो उभा आहे, उंची 40 फुटांच्या आसपास. मला सर्वात आवडला तो त्याचा त्रिकोणी आकार. बाकीच्या दोघांचा घाट निराळा आहे. इथे कोणत्याही रस्त्याने या, एक बाजू तुमच्याकडे तोंड करून असते. खालच्या भागात बोट ठेवायलाही मोकळी जागा नाही, इतकी दाट फुलांची नक्षी आहे. तिच्यात ढाली कोरल्या आहेत : इंग्लंडचे तीन सिंह, कॅस्टील आणि लिऑनचे किल्ले नि सिंह. वर नक्षीदार छत्र्यांखाली तिन्ही बाजूंना एलेनॉर उभी आहे. चेहरे पावसापाण्याने झिजलेत, पण अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या खालूनही दिसतात. टोकावरचा खराखुरा क्रॉस मात्र केव्हाच गेला.

ही राणी हयात असताना प्रजेची लाडकी नव्हती, हेही सांगायला हवं. कर्जात बुडालेल्यांच्या जमिनी आपल्या नावावर करून घेण्याबद्दल लोक तिच्यावर नाराज होते. या क्रॉसनी तिची आठवणच बदलून टाकली. दुःख खरं होतं यात मला शंका नाही, पण राजाला दगडाची ताकदही नीट ठाऊक होती.

इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळात लंडनमधला चीपसाइडचा क्रॉस 1643 मध्ये मूर्तिपूजेचं प्रतीक म्हणून पाडला, चार वर्षांनी चेअरिंगचा. गेडिंग्टनचा वाचला. राजधानीपासून लांब असणं पथ्यावर पडलं असेल. आज तो कायद्याने संरक्षित आहे आणि इंग्लिश हेरिटेज ही वारसा जपणारी संस्था त्याची देखभाल करते. तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही. मी पोहोचले तेव्हा दोन शाळकरी मुलं पायऱ्यांवर बसून चिप्स खात होती आणि कुणी त्यांना हटकत नव्हतं. संरक्षित वास्तू अशीच असावी असं मला मनापासून वाटतं. गावाच्या वापरातून उठवून तिला एकटं पाडू नये.

इथवर आलात तर आइझ नदीवरचा मध्ययुगीन पूल चुकवू नका, दोन मिनिटांवर आहे. वेळ असेल तर नॉर्थहॅम्प्टनजवळचा हार्डिंगस्टोनचा क्रॉसही त्याच दिवशी बघून होतो. तो अष्टकोनी आहे, आणि त्याचं टोक तर 1460 च्या नॉर्थहॅम्प्टनच्या लढाईच्या वेळीही नव्हतं.