टिपरे आबा आणि आमचे आबाजी

रात्रीचे साडेदहा. लाईट आत्ता आली, सात वाजतापासून नव्हती. पोरं झोपली, हे वावरात गेलेत, हरभऱ्याले पाणी द्यायचं आहे अन् मोटारीची लाईन रात्रीच येते. मी पायावर दुलई घेऊन वही उघडून बसली.

पुढच्या शनिवारी शाळेचं गॅदरिंग आहे आणि विनोदी नाटिका दरवर्षीसारखी माझ्याकडेच. सर आजही म्हणाले, मॅडम स्क्रिप्ट द्या आता, पोरांले पाठांतराले टाईम लागते. दोन दिवसांपासून चार ओळी लिहिते अन् खोडते. याआधी कधी असं झालं नव्हतं, एका बैठकीत लिहून व्हायचं माझं. पण मागच्या वर्षीचं डोक्यातून जात नाही तर आज तेच लिहून काढते.

मागच्या वर्षी मी नाटिकेत एक बहिरे आबाजी टाकले होते. कोणी म्हणते आबाजी, सोयाबीनचा भाव पडला, ते म्हणतात कोण पडला, भाऊ पडला? कुठं पडला? असे आठ-दहा विनोद. गाव पोट धरून हसलं, सातवीच्या पोरानं कामही झकास केलं. अन् पहिल्या रांगेत, सरपंचाच्या बाजूच्या खुर्चीवर, आमचे शेजारचे आबाजी बसले होते ज्यांच्या डाव्या कानाले काहीच ऐकू येत नाही आणि उजव्याले थोडंसं. ते पात्र कोणावरून घेतलं हे अख्ख्या गावाले माहीत होतं. लोक स्टेजकडे कमी अन् त्यांच्याकडे जास्त पाहत होते. तेही हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात सडा टाकत होती तर आबाजी दात घासायची निंबाची काडी घेऊन आले. म्हणाले, "पोरी, नाटक मस्त झालं. पन एक सांगू का, बहिरा मानूस असा काय-काय नाई करत. दोनदा इचारलं का लोक चिडतात. मंग आपन हाव म्हनतो. कोनी काई म्हनलं तरी हाव." हाव म्हणजे आमच्याकडचं हो. मी बादली खाली ठेवली. ते ओट्यावर टेकले अन् काडी चावत चावत म्हणाले, "तुयी आजी दवाखान्यात शेवटच्या दिवशी काईतरी बोलली होती. दोनदा बोलली. मी हाव म्हनलं. काय बोलली ते मले आजवर मालूम नाई." आजी म्हणजे त्यांची बायको. मग उठून गेले, ढोरांचं पाणी राहिलं म्हणून.

त्यांना राग आला नव्हता हे मला नक्की माहीत आहे. राग आला असता तर मी माफी मागितली असती. त्यांनी मला माझी चूक दाखवली आणि ती लिहिण्यातली चूक होती. मी शेजारी राहून चाळीस वर्षांत एकदाही त्या माणसाकडे नीट पाहिलं नव्हतं. कुठल्यातरी जुन्या विनोदातला बहिरा उचलून त्याच्या अंगावर आबाजींचं धोतर चढवलं, एवढंच केलं मी.

आणि याचं जास्त वाईट यासाठी वाटते की लिहायची हौस मला लागली ती याच आबाजींच्या घरी. २००१ मध्ये अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीत केबल फक्त त्यांच्याकडे होती, त्यांचा पोरगा नागपूरला नोकरीला होता, त्यानं टीव्ही घेऊन दिलेला. आम्ही पोरी, आई, आजी सगळ्या तिथं जाऊन खाली सतरंजीवर, आबाजी बाजेवर. कधी ऐन मधात लाईट जायची, मग पुढं काय झालं असेल ते प्रत्येकजण सांगायचं, मी सगळ्यात जास्त सांगायची. तेव्हा आबाजींना चांगलं ऐकू यायचं. दिलीप प्रभावळकर टिपरे आबा झालेले पाहून ते म्हणायचे, हा मानूस एवढा म्हातारा नाई बरं, माया वयाचा हाय, म्हातारपन अंगात घेऊन बसला हाय. अन् खरंच आहे ते, प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा, म्हणजे तेव्हा सत्तावन वर्षांचे. आमचे आबाजी एखाद-दोन वर्षांनी मोठे असतील.

ती मालिका प्रभावळकरांनीच लिहिलेल्या 'अनुदिनी'वरून केली होती हे मला डीएडला गेल्यावर कळलं. आधी लोकसत्तामधलं सदर, मग पुस्तक, मग केदार शिंदेंनी दिग्दर्शित केलेली मालिका. घर एक, माणसं पाच, आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नात शलाका, नातू शिऱ्या, आणि जो तो आपापली डायरी लिहिते. कॉलेजच्या लायब्ररीत ते पुस्तक मिळालं तेव्हा मी दोनदा वाचलं. घरातली एकच गोष्ट पोराच्या डायरीत वेगळी अन् सुनेच्या डायरीत वेगळी होऊन जाते आणि कोणीच खोटं बोलत नसते. हसू त्याच्यातूनच येते. वरचं नाव झाकलं तरी कोणाचं पान आहे ते कळते. हे किती अवघड आहे ते मी स्वतः लिहायला बसली तेव्हा समजलं, माझी सगळी पात्रं माझ्यासारखीच बोलायची, सासू पण मास्तरीण अन् चोर पण मास्तरीण.

आता हे लिहिता लिहिता वाटून राहिलं, प्रभावळकरांची सगळी करिअरच या एका गोष्टीवर उभी आहे, दरवेळी माणूस वेगळा. दूरदर्शनवर चिमणराव झाले, चिं. वि. जोशींचा चिमणराव, गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे, तो सत्तरच्या दशकाचा शेवट, तेव्हा आमच्या गावात टीव्हीच नव्हता. पण मोठ्या शहरांतली लोक सांगतात की त्यांची ओळखच चिमणराव होऊन गेली होती. एवढं नाव झाल्यावर कोणीही जन्मभर तोच भित्रा, बिचारा माणूस करत राहिला असता, पैसेही मिळाले असते. यांनी तसं केलं नाही. 'चौकट राजा'मध्ये नंदू झाले, १९९१ साली, अंगानं मोठा झालेला पण मनानं लहान राहिलेला. तो पाहताना आपल्याला हसू येते पण त्या हसण्यात त्याला कमी लेखणं नसते, ही कशी करामत केली असेल मी आजही विचार करते. दोन वर्षांनी 'झपाटलेला'तला तात्या विंचू. माझ्या चौथीच्या पोरांना अजूनही तो माहीत आहे, मोबाईलवर पाहतात आणि रात्री बाहेर जायला घाबरतात. नंदू अन् तात्या विंचू एकच माणूस आहे हे सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत. मग २००६ ला 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

आणि मधात 'हसवाफसवी', स्वतःच लिहिलेलं नाटक आणि त्यात स्वतःच सहा भूमिका. मी प्रयोग प्रत्यक्ष नाही पाहिला, आमच्याकडे कुठून येणार, रेकॉर्डिंग पाहिलं. त्यातले शेवटचे कृष्णराव हेरंबकर, संगीत नाटकाच्या काळातले थकलेले नट, ते आले की आधीचे दोन तास हसलेला माणूस गप्प होते. थरथरता आवाज अन् थरथरते हात कोणीही करेल, पण त्या म्हाताऱ्याला आपण एकेकाळी कोण होतो याची आठवण आहे आणि ती ते नुसत्या नजरेत ठेवतात. मला वाटते हे नुसत्या नटाला सुचत नाही, लिहिणाऱ्याला सुचते. जो घरी बसून त्या म्हाताऱ्याची डायरी लिहून आलेला आहे त्यालाच जमते.

माणसाकडे नीट न पाहता पात्र उचलायचं, हे आमच्या वऱ्हाडाबद्दलही होते. २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या' आलं, भारत गणेशपुरे आपल्या बोलीत बोलायला लागले तेव्हा गावात केवढा आनंद झाला होता, टीव्हीवर आपल्यासारखं कोणी बोलून राहिलं याचाच आनंद. तिकडं पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत तर रात्रभर नाटकं चालतात, विनोदी भूमिका करता करता म्हातारे झालेले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, मी पोरांना वर्गात सांगितलं. पण बाकी ठिकाणी वऱ्हाडी माणूस आला की तो येडा किंवा नोकर. त्याचा मला राग येते. आणि तोच प्रकार मी माझ्या गावात, माझ्याच शेजाऱ्यासोबत केला.

सप्टेंबरमध्ये 'दशावतार' आला तेव्हा आम्ही एसटीनं अमरावतीला जाऊन पाहिला. एक्क्याऐंशी वर्षांचे प्रभावळकर, कोकणातला दशावतारी कलाकार बाबुली मेस्त्री, नजर जात चाललेली तरी सोंग सोडत नाही. मी अर्धा सिनेमा आमच्या आबाजींचाच विचार करत होती. घरी आल्यावर त्यांच्या उजव्या कानाशी बसून सगळी स्टोरी सांगितली. ते म्हणाले, "डोये गेले तर बरं म्हना, लोकायले दिसते तरी. कान गेलेले कोनाले दिसत नाई."

तेव्हाच ठरवलं की यंदा पुन्हा बहिरे आबाजीच लिहायचे, पण खरे.

परवा त्यांना विचारलं, रिहर्सलले याल का. लगेच आले, इस्त्रीचा सदरा घालून. सातवीतल्या पोराले समोर उभं केलं अन् म्हणाले, हाव म्हून दाखव. पोरगं म्हणालं हाव. "असा नाई. आंधी समोरच्याचं तोंड पाय. हासून रायला का रडून रायला, ते पाय. मंग म्हन. हासत असन तर अशी मान हालव, हाव बाप्पा! तोंड पडलेलं असन तर हयू, हाव..." आणि त्यांनी दोन्ही करून दाखवले. वर्गातली सगळी पोरं आधी हसली, अन् दुसऱ्या हावला कोणीच हसलं नाही. मी खडू हातात धरून उभी. ऐंशी पार केलेला हा माणूस कधी स्टेजवर चढला नाही, आणि पंधरा-वीस वर्षांपासून रोज हे करून राहिला, समोरच्याचं तोंड वाचून.

तर नाटिका अशी, आबाजी सगळ्यांना हाव म्हणतात. सुनेनं विचारलं, टीव्ही विकून टाकू का, हाव. पाहुण्यानं विचारलं, तुमचा बैल पोळ्याले नेऊ का, हाव. नातीनं विचारलं, मी पुण्याले शिकायले जाऊ का, हाव. पोळ्याच्या दिवशी दारात सगळी गर्दी होते. एवढं जमलं, नातीचा सीन तर मला फार आवडला कारण तिथं आबाजींना तिचं तोंड पाहून कळलेलं असते की हिले काहीतरी मोठं पाहिजे, शब्द ऐकू आलेले नसतात तरी हाव खरा असते.

अडलं आहे ते शेवटच्या पानावर. दवाखान्याचा सीन मी लिहिला आहे, सहाच ओळी आहेत, आजी दोनदा काहीतरी बोलते आणि ते हाव म्हणतात. लिहिताना वहीवर पाणी पडलं म्हणून पान बदललं. पण ते त्यांचं आहे, माझं नाही. सातवीच्या पोरानं गावासमोर ते करावं की नाही हे मी ठरवू शकत नाही.

उद्या सकाळी विचारते. उजव्या कानाशी बसून, हळू, एकेक शब्द सुटा करून. हाव म्हणाले तर पुन्हा एकदा विचारीन.