हो, फोटो काढतो

"तुम्ही क्लबवाले हे सगळं फोटोसाठीच करता ना?" समाजसेवेच्या क्लबात अकरा वर्षं झाली, हा प्रश्न पाठ सोडत नाही. विचारणारे हसत हसत विचारतात, त्यामुळे धड चिडताही येत नाही. तुम्हीही परवा विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

हो, फोटो काढतो. बॅनर लावून काढतो. देणगी देणाऱ्याला वस्तू पोचल्याचं दाखवावं लागतं, प्रांतपालांकडे (म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या क्लबांच्या प्रमुखांकडे) अहवाल पाठवायचा तर फोटो जोडावा लागतो, आणि पुढच्या वेळी पैसे मागायला रिकाम्या हातांनी जाता येत नाही. तुम्ही रक्तदानाचं प्रमाणपत्र छातीशी धरून फोटो टाकला होतात, तेव्हा मी काही बोलले होते का?

आणि फोटोत न येणारं कितीतरी असतं. शिबिरात हिमोग्लोबिन साडेबारा ग्रॅमच्या खाली निघालं की दात्याला परत पाठवतात. त्यात बायका जास्त. उत्साहाने आलेली बाई हिरमुसून उठते, तेव्हा तिच्याशेजारी बसून बोलणारं कुणीतरी लागतं. ते काम बहुतेक वेळा मी करते. सगळ्या संस्थांनी एकाच दिवशी शिबिर घेऊ नये म्हणून दरवर्षी भांडतेही मीच, कारण रक्तातल्या प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) जेमतेम पाच दिवस टिकतात, एकदम जमल्या तर वाया जातात. कुणी ऐकत नाही, ते सोडा.

पण तुमच्या प्रश्नाने मी एवढी का चिडते, त्याचं खरं कारण रक्तदान नाही. व्हीलचेअर आहे.

मी सचिव होते त्या वर्षी आम्ही दहा व्हीलचेअर वाटल्या. पाहुणे दीड तास उशिरा आले. लाभार्थी (हा शब्द मला तेव्हा अजिबात खटकत नसे) पहिल्या रांगेत बसून होते. त्यात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आईच्या कडेवर होती. नाव पुकारलं, आईने तिला आणून खुर्चीत बसवलं, पाहुण्यांनी खुर्चीची मूठ धरली, फोटो झाला. फोटोग्राफर म्हणाला, बॅनर अर्धाच येतोय. मी म्हटलं, "ताई, जरा परत बसवता का तिला? आणि बाळा, इकडे बघून हस." आईने तिला उचललं, आम्ही खुर्ची सरकवली, तिने परत बसवलं. या वेळी पाहुण्यांचे डोळे मिटले. तिसऱ्यांदा उचलताना मुलीची चप्पल पायपट्टीत अडकून निसटली. ती उचलून द्यायला कुणी वाकलं नाही, कारण सगळे फोटोत होते. मुलगी मात्र तिन्ही वेळा हसली. मी सांगितलं होतं ना.

चार महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेले. काळजीपोटी गेले असं लिहायचा मोह होतोय, पण लेखापरीक्षणासाठी पोचपावतीवर एक सही राहिली होती. खुर्ची दाराबाहेर होती. दाराच्या चौकटीतून ती आत जातच नव्हती. खुर्चीच्या हातांवरचं प्लास्टिक तसंच होतं. मुलगी आत जमिनीवर वही घेऊन बसली होती. आई म्हणाली, "चांगली आहे हो खुर्ची. ही मोठी झाली की बरोबर बसेल."

टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं.

आम्ही दहाही खुर्च्या मोठ्या माणसांच्या मापाच्या घेतल्या होत्या, एकगठ्ठा मिळाल्या म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्येच व्हीलचेअर पुरवण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यात आठ पायऱ्या आहेत: तपासणी, माणसाला बसवून माप जुळवणं, वापरायला शिकवणं, नंतरची दुरुस्ती वगैरे. सीट रुंद असली की मूल एका बाजूला कलतं, पाय लोंबकळतात, आणि नीट गादीशिवाय तासन् तास बसलं तर जखमा होतात. हे मी ती सही घेऊन आल्यावर वाचलं. आमच्याकडे दोनच पायऱ्या होत्या, विकत घेणं आणि वाटणं.

तेव्हाची मी म्हणेल, काहीच नसण्यापेक्षा बरं की! तिला गप्प करणं मला अजून जमलेलं नाही. नंतर मी सगळ्यांकडे फोन केले, तर दहापैकी सहा खुर्च्या रोज वापरात होत्या. त्या सहा जणांना काय सांगू, तुम्हाला दिली ते चुकलं म्हणून?

मला विचाराल तर फोटोपेक्षा आमचं वर्ष जास्त नडतं. रोटरी असो वा लायन्स, १ जुलैला नवं वर्ष, नवा अध्यक्ष, नवे प्रकल्प. गेल्या वर्षीच्या खुर्चीचं चाक निखळलं तर ते कुणाच्या वर्षात धरायचं? एकच काम धरून ठेवणं या लोकांना जमत नाही असंही नाही. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओचं काम जगभर हाती घेतलं. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ मध्ये सापडला, तोवर किती अध्यक्ष बदलले असतील! लायन्सना हेलन केलरने १९२५ मध्ये अंधांसाठी काम करा म्हणून साकडं घातलं, ते डोळ्यांचं काम आजही चालू आहे.

मी सभेत म्हटलं, यंदा नव्या खुर्च्या नकोत, जुन्या दुरुस्त करू. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "दुरुस्तीचं उद्घाटन कसं करणार?" सगळे हसले. मीही हसले.

यंदा चारच खुर्च्या आहेत, फिजिओथेरपिस्टने आधी घरी जाऊन मापं घेतलेल्या. आकडा लहान दिसतो म्हणून अध्यक्ष नाराज आहेत. त्या मुलीची खुर्ची बदलून द्यायला गेलो, तर ते कुटुंब घर सोडून गेलं होतं. खुर्ची सोबत नेली, एवढं शेजारी म्हणाले.

त्या वर्षीच्या अहवालात तिचा फोटो आहे. बॅनर पूर्ण आलाय. येत्या वाटपात फोटोंचं काम पुन्हा माझ्याकडे दिलंय, आणि मी अजून नाही म्हटलेलं नाही.