उसाचे बिल आणि दुकानाची वही
गेल्या आठवड्यात बेळगावजवळच्या उचगावात आमच्या नेहमीच्या किराणा दुकानात बसलो होतो. गल्ल्याशेजारी लाल पुठ्ठ्याची लांबट वही उघडी होती. एका पानावर साखर 2, तेल 1, चहा पावडर पाव अशी ओळ आणि तिच्यापुढे पेन्सिलीने लिहिलेला एकच शब्द होता: ‘ऊस’. म्हणजे कारखान्याचे बिल जमा झाले की हे पैसे येणार. ऊस नियंत्रण आदेश 1966 चा आहे आणि त्यानुसार ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत. ते किती वेळा मिळतात हे आमच्या भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. बिल लांबते, पण घरातली चूल थांबत नाही. मधले महिने दुकानदार सांभाळून घेतो आणि त्याला बेळगावच्या रविवार पेठेतला घाऊक व्यापारी सांभाळून घेतो. या उधारीवर व्याज नसते.

ही साखळी कोठे तुटते, हे मला त्या दिवशी नीट कळले. शहरातल्या मोठ्या मॉलने उधारीची गिऱ्हाइके नेलीच नाहीत; त्याने नेली ती पगारदार, एक तारखेला महिन्याचे सामान रोखीने भरणारी गिऱ्हाइके. (त्यांत मीही आहे, हे कबूल केले पाहिजे, तेलाच्या डब्यामागे वाचणारे पैसे मलाही दिसतात.) दुकानात आम्ही जातो ते कोथिंबीर, काडेपेटी किंवा ऐनवेळी संपलेल्या दह्यासाठी. ज्या रोख पैशांवर दुकानदार पेठेतली बाकी फेडत होता आणि उधारीच्या गिऱ्हाइकांसाठी थांबू शकत होता, तेच पैसे आटले. शिवाय मॉल थेट कंपनीकडून माल उचलतो, त्यामुळे वितरक दुकानदाराला ज्या भावाने माल देतो, त्याहून कमी किमतीत तोच माल मॉलच्या फळीवर मिळतो. 2021 च्या अखेरीस अशाच तफावतीविरुद्ध देशभरातल्या वितरकांच्या संघटनेने आवाज उठवला होता.

मॉलमध्ये पोरांना नोकऱ्या लागल्या आणि वस्तू स्वस्त झाल्या, हे खरेच आहे. परंतु स्वस्ताई मोजताना दुकानाची बिनव्याजी उधारी कोणी हिशेबात धरत नाही. तिची जागा आता आठवड्याच्या हप्त्याच्या कर्जाने घेतली आहे. ऊस वर्षातून एकदा पैसे देतो आणि हप्ता दर आठवड्याला दारात उभा राहतो, त्यामुळे एक कर्ज फेडायला दुसरे काढावे लागते. अशा कर्जांच्या सक्तीच्या वसुलीला आळा घालण्यासाठी फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटक सरकारला अध्यादेश काढावा लागला.

दुकानदार आता नवे खाते उघडत नाही. जुन्यांना नाही म्हणता येत नाही, असे तो म्हणाला. पाडव्याला पुजलेली यंदाची वही त्याने मला दाखवली. दरवर्षी ती दोनशे पानांची असायची, या वेळी शंभर पानांची होती.