कसाब, कलम १२१ आणि आजचा वाद
आज ऑफिसमधे डबे उघडले आणि वाद पेटला, की दहशतवाद म्हणजे युद्धच ना, मग कोर्टकचेरी कशाला, सरळ उडवायचं. मला हे अजिबात पटत नाही. २६/११ आठवा. कसाबवर खुनाचं कलम होतंच पण भारतीय दंड संहितेचं १२१ पण लावलेलं, म्हणजे देशाविरुद्ध युद्ध पुकारणं, आणि तरीही त्याला वकील दिला, पुरावे तपासले, सुप्रीम कोर्टाने फाशी कायम केली आणि मग २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात दिली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले, हे कोणी सांगतच नाही! अमेरिकेने मात्र युद्ध म्हणत २००२ मधे क्युबातल्या आपल्या ग्वांतानामो तळावर तुरुंग उघडला आणि माणसं खटल्याशिवाय वर्षानुवर्षं कोंडली. सीमेपलीकडचे तळ उडवायला सैन्यच लागतं, ते मान्य. पण मुंबई पोलिसांतल्या तुकाराम ओंबळेंनी गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना रायफलची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या, म्हणून कसाब जिवंत सापडला आणि कट कुठे शिजला ते त्याच्या तोंडून जगासमोर आलं. तो तिथेच मेला असता तर पाकिस्तानला हात झटकणं किती सोपं गेलं असतं.