पत्रादेवीला सत्याग्रह का अडला?

गोव्याचा विषय निघाला की हमखास कुणीतरी विचारतं, जरा खवचटपणेच: “शेवटी १९६१ साली लष्करच घालावं लागलं ना? मग सत्याग्रह करून काय मिळवलं?” तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगतो.

पोर्तुगिजांना गोव्यातून हटवण्यासाठी केलेला सत्याग्रह फसला, यात वाद नाही. १५ ऑगस्ट १९५५ ला निरनिराळ्या नाक्यांवरून हजारोजण गोव्याच्या हद्दीत शिरले. बांद्यापलीकडे, गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्याला तिरंगा धरलेल्या सहोदराबाई राय यांना गोळी लागली. पंजाबातले तरुण शिक्षक कर्नैलसिंग पुढे झाले आणि जागीच गेले. त्या दिवशी वीसहून जास्त सत्याग्रही मारले गेले. त्याआधी मे महिन्यात पंचाहत्तरीला टेकलेल्या सेनापती बापटांनाही पोर्तुगिजांनी सोडलं नव्हतं.

पण का फसला? तिथूनच जवळ शिरोडा आहे. मे १९३० मध्ये तिथे लोकांनी आगरातलं मीठ उचललं, म्हणजे सरकारच्या उत्पन्नालाच हात घातला. कर भरणारे आपण, कचेऱ्या चालवणारे आपण. आपण अंग काढून घेतलं की इंग्रजांचा कारभार अडायचा. पत्रादेवीला गेलेले बहुतेक भारतातले. ते पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारला ना कर देत होते, ना त्याची चाकरी करत होते. मग अंग काढायचं कशातून? नुसतं मार खाऊन लाज आणावी, तर लिस्बनची वर्तमानपत्रं सेन्सॉरच्या मुठीत.

असहकार करू शकणारे होते ते गोव्यातले लोक. १८ जून १९४६ ला मडगावला लोहियांची सभा झाली, तेव्हा गोवेकरांनी ते दाखवलंही. पण त्यानंतर गोव्यातल्या लढ्याचे पुढारी टी. बी. कुन्हांना आठ वर्षांची शिक्षा ठोठावून थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. इतर पुढाऱ्यांचीही तीच गत. आतली फळीच मोडली. (आपल्याकडच्या भाषणांत कुन्हांचं नाव क्वचितच येतं, याची मला चीड येते.)

गोळीबारानंतर भारताने हद्द बंद केली, व्यापार तोडला. एरवी हा फास बसला असता. पण त्याच काळात गोव्याचं लोहखनिज जपानला, जर्मनीला जोरात जाऊ लागलं होतं. मुरगाव बंदर चालू, पैसा चालू. गोव्याची नाडी तेव्हा खाणीत आणि बंदरात होती, हद्दीच्या नाक्यावर नव्हती. खाणकामगार आणि बार्जवाल्यांचा बेमुदत संप झाला असता तर सालाझार वाकला असता की नाही, यावर वाद घालायला मी केव्हाही तयार आहे.